वाचकांचे प्रश्न : मुलींचा सतरा वर्षांखालील विश्वचषक

मुलींच्या सतरा वर्षांखालील राष्ट्रीय संघांचा फुटबॉल विश्वचषक २००८ साली न्यूझीलंडमध्ये सुरू झाला आणि बरीच वर्षे तो दोन वर्षांतून एकदा भरत असे. २०२५ पासून तो दरवर्षी भरू लागला असून संघांची संख्या सोळावरून चोवीस झाली आहे. गेल्या काही महिन्यांत या स्पर्धेविषयी बरीच पत्रे आली. त्यांपैकी सहा पत्रांना येथे उत्तरे दिली आहेत.

प्रश्न : स्पर्धा सतरा वर्षांखालील म्हणवते, पण वर्तमानपत्रांत खेळाडूंचे वय ‘१७’ असेच छापलेले असते. हे कसे? (एक क्रीडाशिक्षिका, सातारा)

उत्तर : येथे वय वाढदिवसावरून नव्हे, जन्मवर्षावरून मोजतात. २०२२ च्या स्पर्धेसाठी १ जानेवारी २००५ ते ३१ डिसेंबर २००७ या काळात जन्मलेल्या मुली पात्र होत्या. स्पर्धा ऑक्टोबरमध्ये असल्याने जानेवारी २००५ मध्ये जन्मलेली मुलगी मैदानात उतरली तेव्हा पावणेअठरा वर्षांची होती आणि तरीही ती नियमात बसत होती. या मोजणीचा एक तोटा आपल्यासारख्या शिक्षकांना रोज दिसत असेल : एकाच जन्मवर्षातील जानेवारीची मुलगी डिसेंबरच्या मुलीपेक्षा जवळजवळ एका वर्षाने थोराड असते, आणि निवड करणाऱ्याला पुष्कळदा तिचे थोराडपणच कौशल्य वाटते. शाळेचा संघ निवडताना प्रत्येक नावापुढे जन्ममहिना लिहून पाहावा. यादी वर्षाच्या पहिल्या तिमाहीकडे किती झुकली आहे ते लगेच लक्षात येते.

नियमाची खरी निष्ठुरता मात्र निराळी आहे. भारतात २०२० साली व्हायची स्पर्धा महासाथीमुळे आधी पुढे ढकलली गेली आणि मग रद्दच झाली. यजमानपद २०२२ साठी कायम राहिले, पण २००३ आणि २००४ साली जन्मलेल्या ज्या मुली त्या स्पर्धेसाठी घाम गाळत होत्या त्या तोवर वयाने बाद झाल्या होत्या. मोठ्यांच्या स्पर्धेत चार वर्षांनी पुन्हा संधी मिळू शकते. या गटात ती बहुधा एकदाच मिळते.

प्रश्न : २०२२ मध्ये आपण यजमान होतो, तिन्ही सामने हरलो आणि एकही गोल केला नाही. एवढा खर्च करून आपल्या हाती काय लागले? (एक निवृत्त बँक अधिकारी, ठाणे)

उत्तर : आपला हिशेब बरोबर आहे. भुवनेश्वरच्या कलिंग मैदानावर भारत अमेरिकेकडून ०-८, मोरोक्कोकडून ०-३ आणि ब्राझीलकडून ०-५ असा हरला. तीन सामन्यांत सोळा गोल स्वीकारणाऱ्या या संघाला दोष देण्यापूर्वी तो तेथे कोणत्या वाटेने पोहोचला हे पाहिले पाहिजे.

यजमान देशाला पात्रता फेरी खेळावी लागत नाही. हे बक्षीस वाटते, पण माझ्या मते तीच आपली सर्वांत मोठी अडचण ठरली. स्वीडनचे थॉमस डेनेरबी प्रशिक्षक होते, शिबिरे झाली, इटली, नॉर्वे आणि स्पेनचे दौरेही झाले. पण हरलो तर घरी जावे लागेल, असा एकही सामना या मुलींच्या वाट्याला आला नव्हता. त्याच स्पर्धेत टांझानियाही पहिल्यांदाच आला होता. पात्रता फेरीचे सामने खेळून आलेला तो संघ जपानकडून चार गोलांनी हरला, पुढच्याच सामन्यात त्याने फ्रान्सला २-१ असे हरवले आणि उपांत्यपूर्व फेरी गाठली. पहिला तडाखा खाल्ल्यानंतर उभे कसे राहायचे, हे पात्रता फेरी शिकवते. शिबिरात ते शिकवता येत नाही.

त्यात आपल्या फुटबॉल महासंघाचा गोंधळ. महासंघाच्या निवडणुका रखडल्यामुळे मे २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रशासकांची समिती नेमली. हा बाहेरचा हस्तक्षेप आहे असे म्हणून फिफा या जागतिक फुटबॉल संघटनेने ऑगस्टच्या मध्यास भारतावर बंदी घातली, आणि बंदी राहिली असती तर यजमानपदही गेले असते. ती २६ ऑगस्टला उठली. स्पर्धा ११ ऑक्टोबरला सुरू व्हायची होती. म्हणजे ज्या दिवसांत या मुलींनी फक्त खेळाचा विचार करायचा, त्या दिवसांत आपली स्पर्धा होणार की नाही हेच त्यांना ठाऊक नव्हते.

या संघाची कर्णधार अस्तम उरांव ही झारखंडच्या गुमला जिल्ह्यातील एका खेड्यातली. ती विश्वचषक खेळणार म्हणून गावाकडे रस्ता बांधायला घेतला गेला, आणि त्या रस्त्याच्या कामावर तिचेच आईवडील रोजंदारीने राबत होते. ही बातमी तेव्हा सगळीकडे कौतुकाने छापून आली. मला ती वाचून कौतुकापेक्षा संकोच अधिक वाटला, कारण मुलगी कर्णधार होईपर्यंत तो रस्ता कोणाला सुचला नव्हता. संघातल्या एकवीस जणींपैकी सहा एकट्या झारखंडच्या होत्या, मणिपूरच्याही अनेक होत्या. महाराष्ट्राची म्हणून पुण्याची काजोल डिसूझा होती.

हाती काय लागले, याचे उत्तर गुणफलकापेक्षा पुढच्या तीन वर्षांत शोधावे. ऑक्टोबर २०२५ मध्ये बिश्केक येथे भारताच्या सतरा वर्षांखालील मुलींनी आधी यजमान किर्गिझस्तानला आणि मग पिछाडीवरून उझबेकिस्तानला, दोन्ही वेळा २-१ असे हरवून आपल्या वयोगटाच्या २०२६ च्या आशियाई चषकात जागा मिळवली. या वयोगटात अशी जागा वीस वर्षांनी मिळाली, आणि ती कोणी बहाल केलेली नव्हती. कलिंगवरील तीन सामन्यांपेक्षा बिश्केकचे हे दोन सामने मला अधिक मोलाचे वाटतात, जरी ते पाहायला मैदानात फारसे कोणी नसले तरी.

प्रश्न : बाद फेरीत बरोबरी झाली की लगेच पेनल्टी का? जादा वेळ का देत नाहीत? (एक महाविद्यालयीन विद्यार्थी, पुणे)

उत्तर : पूर्वी देत असत, २००८ चा अंतिम सामना जादा वेळेतच निकाली निघाला. पुढे या वयोगटात जादा वेळ वगळण्यात आली. सामना मोठ्यांसारखाच नव्वद मिनिटांचा असतो आणि दोन-तीन दिवसांच्या अंतराने पुढचा सामना असतो, हे लक्षात घेता कोवळ्या शरीरांवर आणखी अर्ध्या तासाचा भार न टाकणे मला योग्य वाटते.

प्रश्न : २०२२ मध्ये येथील फातोर्डा मैदानावर आम्ही या स्पर्धेचे दोन्ही उपांत्य सामने पाहिले. त्या स्पर्धेत नसलेला उत्तर कोरिया त्यानंतर दोनदा जगज्जेता झाला. हा देश मुलींच्या फुटबॉलमध्ये इतका पुढे कसा? (एक वाचक, मडगाव)

उत्तर : २००८, २०१६, २०२४ आणि २०२५ असे चार वेळा उत्तर कोरियाने हा चषक जिंकला आहे, इतर कोणालाही ते जमलेले नाही. २०२४ मध्ये तर त्यांनी वीस वर्षांखालील आणि सतरा वर्षांखालील हे दोन्ही विश्वचषक दोन महिन्यांच्या आत जिंकले. २०१३ साली प्याँगयांगमध्ये सुरू झालेल्या निवासी फुटबॉल शाळेत देशभरातून निवडलेली मुले-मुली शिक्षणाबरोबर रोज फुटबॉलचेच धडे घेतात. इतर देशांच्या मुली आपापल्या क्लबांतून राष्ट्रीय संघात काही आठवड्यांसाठी एकत्र येतात, तर या मुली वर्षानुवर्षे एकमेकींबरोबरच खेळत असतात. एकीला चेंडू मिळण्याआधीच दुसरी धावायला लागलेली असते, ते त्यामुळे.

मात्र एक गोष्ट नजरेआड करू नये. २०११ च्या वरिष्ठ विश्वचषकात या देशाच्या पाच खेळाडू उत्तेजक द्रव्यांच्या चाचणीत दोषी आढळल्या आणि त्यामुळे २०१५ च्या स्पर्धेतून देशाला बाद करण्यात आले. २०१९ आणि २०२३ मध्येही त्यांचा वरिष्ठ संघ दिसला नाही. याउलट २०१४ साली कोस्टा रिकामध्ये सतरा वर्षांखालील अंतिम सामना जपानकडून हरलेल्या स्पेनच्या संघातील ऐताना बोनमाती पुढे जगातील सर्वोत्तम खेळाडू ठरली. सोळाव्या वर्षी जिंकलेला चषक आणि पंचविसाव्या वर्षाचे खेळाडूपण यांचा संबंध आपण समजतो तितका सरळ नाही.

प्रश्न : माझी मुलगी तेरा वर्षांची आहे. गल्लीतल्या मुलांबरोबर रोज खेळते आणि त्यांना भारी पडते. आमच्याकडे फुटबॉल म्हणजे तालमींचे पुरुष संघ. तिने पुढे कसे जावे? (एक पालक, कोल्हापूर)

उत्तर : पहिली गोष्ट, मुलांबरोबरचे खेळणे बंद करू नये. या वयात वेगवान आणि दांडगट प्रतिस्पर्धी रोज मिळणे ही चैन आहे. दुसरी गोष्ट, तिची एखाद्या क्लबमार्फत अधिकृत नोंदणी करावी, कारण राज्य संघाच्या निवडीत नोंदणी नसलेल्या खेळाडूला कोणी विचारत नाही. महाराष्ट्राचा कारभार वेस्टर्न इंडिया फुटबॉल असोसिएशन पाहते. जिल्ह्यातून राज्य संघ, राज्य संघातून मुलींची राष्ट्रीय स्पर्धा आणि तेथून राष्ट्रीय शिबिर, असा क्रम असतो. शाळांसाठीच्या सुब्रतो चषकात सतरा वर्षांखालील मुलींचा गट आहे. शाळेने संघ उतरवावा म्हणून मुख्याध्यापकांना आत्ताच भेटावे. जन्मदाखला, आधार आणि पारपत्र यांवरील नाव व तारीख एकच आहे का तेही पाहून ठेवावे. ऐनवेळी एका अक्षरासाठी मुली मागे राहतात.

याहून महत्त्वाचे म्हणजे वर्षाला किती खरे सामने ती खेळते ते मोजावे. सराव कितीही असला तरी गुण, पंच आणि परका संघ असलेले सामने मुलींना आपल्याकडे फार कमी मिळतात. जवळच्या शहरात लीग असेल तर प्रवासाचा त्रास सोसावा.

प्रश्न : नवी मुंबईच्या डी. वाय. पाटील मैदानावर ३० ऑक्टोबर २०२२ चा अंतिम सामना मी मुलींसह पाहिला. स्पेन कोलंबियाच्या एका स्वयंगोलामुळे जिंकला. माझी धाकटी अजून विचारते, त्या मुलीचे पुढे काय झाले? (एक गृहिणी, नेरूळ)

उत्तर : त्या खेळाडूचे नाव आना मारिया गुझमान. ८२ व्या मिनिटाला चेंडू तिला लागून तिच्याच संघाच्या गोलात गेला आणि तेवढ्या एका गोलावर स्पेनने चषक राखला. दुसऱ्याच वर्षी अठराव्या वर्षी तिची कोलंबियाच्या वरिष्ठ संघात निवड झाली. ८ ऑगस्ट २०२३ रोजी मेलबर्नमध्ये जमैकाविरुद्ध विश्वचषकाचा बाद फेरीचा सामना होता. मध्यंतरापर्यंत गोलफलक कोरा होता. उत्तरार्ध सुरू होऊन काही मिनिटे झाल्यावर गुझमानने मैदानाच्या एका बाजूने दुसऱ्या बाजूला उंच, वळणदार चेंडू दिला. कर्णधार कातालिना उस्मेने तो एका स्पर्शात ताब्यात घेतला आणि गोलात मारला. कोलंबिया पहिल्यांदाच विश्वचषकाच्या उपांत्यपूर्व फेरीत गेला. त्या सामन्यातही एकच गोल झाला.