प्रोग्रॅमिंग शिकवताना कोडिंग स्टाइल पहिल्या दिवसापासून शिकवावी का?

तुम्ही डिप्लोमाच्या मुलांना आधी पायथन आणि मग सी शिकवणार आहात, आणि नावं कशी द्यावीत, जागा कुठे सोडावी हे नियम पहिल्याच दिवशी सांगावेत की आधी प्रोग्राम चालू द्यावा, असं विचारलंय. मी रत्नागिरीत बरीच वर्षं या दोन्ही भाषा शिकवतेय. माझ्या मते नावं आणि इंडेंटेशन (ओळ किती आत सरकवून लिहायची ते) पहिल्या तासापासून. बाकीचं सावकाश.

आमच्याकडे मराठी माध्यमातून आलेली मुलं बरीच असतात. 'क्वांटिटी'चं स्पेलिंग अडलं की ती 'ए', 'बी', 'एक्सवन' लिहून मोकळी होतात. तो आळस नसतो, शब्दच हाताशी नसतो. म्हणून मी पहिला प्रोग्राम घरच्या हिशेबाचा देते: आंब्याच्या पाच डझनाच्या इतक्या पेट्या गेल्या, गाडीभाडं, हमाली, दलाली वजा जाता हातात काय उरलं? मग 'पेटी_भाव', 'एकूण_पेट्या', 'दलाली' ही नावं आपसूक येतात. पायथन ३ मध्ये ती थेट देवनागरीतही चालतात, एकदा जरूर करून दाखवा. रोज मात्र रोमन अक्षरांतच लिहू द्या, कारण सारखा कीबोर्ड बदलताना मुलं वैतागतात. इंग्रजी शब्दांकडे दुसऱ्या सत्रात वळवा, पुढे नोकरीत तेच लागतात. बागायतदाराच्या पोराला नावाचं मोल वेगळं सांगावं लागत नाही. बागेची खूण न घातलेली पेटी वाशीच्या बाजारात पोचली तर ती कोणाची, हे त्याला विचारा.

पायथनमध्ये इंडेंटेशन हा व्याकरणाचाच भाग, त्यामुळे ते पुढे ढकलताच येत नाही. चार स्पेस, टॅब नाही. पेप ८ हा पायथनच्या लेखनशैलीचा दस्तऐवज २००१ पासून हेच सांगतो. लॅबमधल्या एडिटरमध्ये टॅब दाबल्यावर चार स्पेस पडतील असं सेटिंग आधीच करून ठेवा, नाहीतर पहिलं प्रॅक्टिकल एरर शोधण्यातच जाईल.

सीमध्ये धोका वेगळा. कंपायलर, म्हणजे आपला कोड मशीनच्या भाषेत नेणारा प्रोग्राम, जागा बघत नाही, माणूस मात्र त्या जागेवर विश्वास ठेवतो. फेब्रुवारी २०१४ मध्ये ॲपलला आयफोनसाठी तातडीचा अपडेट काढावा लागला, तो याच कारणाने. एका 'इफ'खाली, म्हणजे अटीखाली, 'गोटू फेल' ('फेल' या जागी थेट उडी मार) ही ओळ चुकून दोनदा पडली होती. महिरपी कंस नव्हते, त्यामुळे पहिली ओळ अटीवर चालायची आणि दुसरी कायम. त्यामुळे सर्व्हर खरा आहे हे पटवणाऱ्या त्याच्या डिजिटल सहीची तपासणीच वगळली जात होती. दोन्ही ओळी सारख्याच आत सरकवलेल्या, म्हणून वाचणाऱ्याला दोन्ही अटीतल्याच वाटत. हा तुकडा फळ्यावर लिहा आणि दुसरी ओळ कधी चालेल ते मुलांना विचारा. जवळजवळ सगळा वर्ग चुकतो. त्यानंतर एकाच ओळीचा 'इफ' असला तरी कंस घाला, हे पुन्हा सांगावं लागत नाही.

एक मात्र करू नका. सुरुवातीला मी कंस चुकीच्या ओळीवर दिसला की मार्क कापायचे. एका मुलीचा प्रोग्राम बरोबर होता, तरी गेले. त्यानंतर तिने मला कोड दाखवणंच सोडलं आणि जर्नल दुसऱ्याचं बघून उतरवू लागली. कंस त्याच ओळीवर की पुढच्या, हा निव्वळ संकेत आहे. वर्गासाठी एक पद्धत ठरवा आणि मार्कांपासून ती लांब ठेवा. ओळीची लांबीही तशीच: पेप ८ म्हणतो ७९ अक्षरं, 'ब्लॅक' हे फॉरमॅटर, म्हणजे कोडची मांडणी आपोआप नीट करणारं साधन, ८८ धरतं. हे काम फॉरमॅटरलाच करू द्या.

पावसाळ्यात आमच्याकडे लाईट जाते. तेव्हा मी जर्नलांची अदलाबदल करून शेजारच्याचा प्रोग्राम मोठ्याने वाचायला लावते, आणि लिहिणाऱ्याने मध्ये बोलायचं नाही. आठवड्याभरात 'हे एक्सवन म्हणजे काय रे?' हा प्रश्न मुलंच एकमेकांना विचारायला लागतात.