ग्लिच शोधताना आधी स्कोपवर संशय घे

बाबू, मीटरवर बरोबर ५ व्होल्ट दिसतात म्हणून सप्लाय निर्दोष ठरवू नकोस. मीटर सरासरी दाखवतो, ५० नॅनोसेकंदांचा ग्लिच, म्हणजे सिग्नलमधला क्षणिक झटका, त्याला कळतसुद्धा नाही. स्कोप, म्हणजे व्होल्टेजचा आलेख दाखवणारा ऑसिलोस्कोप, तोही फसवतो. पडद्यावर पूर्ण १ सेकंद मावेल असा टाइमबेस ठेवलास आणि मेमरी १ लाख नमुन्यांची (व्होल्टेजच्या नोंदींची) असली, तर दोन नमुन्यांत १० मायक्रोसेकंदांचं अंतर पडतं. ग्लिच मधूनच निसटतो. म्हणून पीक डिटेक्ट (दोन नमुन्यांमधली टोकंही टिपणारा मोड) लाव, ट्रिगर (चित्र कधी पकडायचं ते ठरवणारी सेटिंग) ऑटोवरून नॉर्मलवर आण, म्हणजे घटना घडेपर्यंत स्कोप थांबेल, आणि पल्स-विड्थ ट्रिगर १०० नॅनोसेकंदांहून अरुंद पल्सवर लाव. मग खुशाल चहा पिऊन ये, पहारा तो देईल.

काही सापडलं तरी लगेच नाचू नकोस. प्रोबची (स्कोपच्या टोचणीची) लांब ग्राउंड वायर स्वतःच रिंगिंग, म्हणजे सिग्नलमध्ये नसलेली थरथर, दाखवते. तिच्याऐवजी आखूड ग्राउंड स्प्रिंग लावून परत बघ. असल्या भुताच्या मागे मी दोन दिवस घालवलेत!

स्कोपच्या एका चॅनलवर ग्लिचचा सिग्नल ठेवून दुसऱ्या चॅनलवर सप्लाय घे. त्याच क्षणी तोही दबत असेल तर आयसीच्या (चिपच्या) पिनांजवळचे, सप्लाय सावरणारे १०० नॅनोफॅरडचे कपॅसिटर तपास. आणि आपल्या वास्कोची खारी हवा, त्यात पावसाळा. मी तर आधी कनेक्टरच हलवून बघतो. पिना हिरवट दिसल्या की बोर्डाला शिव्या देणं थांबवतो.