आधी पाकीट हातात दे, मग विचार

अनेक आशीर्वाद.

हगवणीत ओआरएस (पाण्यात कालवून पाजायची मीठ-साखरेची पूड) देण्याबद्दल गावातल्या आया, ओपीडीतले रुग्ण आणि आपले विद्यार्थी यांना काय माहीत आहे, यावरची तुझी प्रश्नावली वाचली. बत्तीस प्रश्न, आणि जवळपास सगळे 'माहीत आहे का' अशा घाटाचे. 'हगवणीत ओआरएस द्यावं हे तुम्हाला माहीत आहे का?' आर्वीकडच्या कुठल्याही आईला हे विचार, ती 'हो जी' म्हणेल. डॉक्टर मुलगी दारात आलेली, बाजूला आशाताई उभी. 'नाही' म्हणायची सोय तू ठेवलीच कुठे?

त्यापेक्षा पाकीट तिच्या हातात दे आणि सांग, 'करून दाखवा.' मोठं पाकीट एक लिटर पाण्याचं. ती गडव्यात पाणी घेते की पेल्यात, पाकीट अख्खं रिकामं करते की चिमूटभर टाकते, एवढं बघून लिही. पाणी कमी पडलं तर द्रावण खारट आणि घातक होतं, जास्त झालं तर उपयोग उरत नाही. हगवणीत द्यायच्या झिंकच्या गोळ्यांचंही तसंच. चौदा दिवस द्यायचं हे पाठ असेल, पण मागच्या हगवणीतली पट्टी घरात असेल तर त्यात किती गोळ्या उरल्या ते मोज. आणि 'ओआरएस ऐकलंय' म्हणजे नेमकं काय, तेही तपास. दुकानातल्या गोड पेयांच्या खोक्यांवर हे नाव वर्षानुवर्षं छापलेलं होतं. एफएसएसएआयने, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने, ते 2025 च्या ऑक्टोबरात बंद करायला सांगितलं. आयांच्या डोक्यातून ते इतक्यात जाणार नाही.

नुसतं विचारण्यात किती निसटतं, याचा पुरावा आपल्याच विदर्भातला आहे. राणी आणि अभय बंग यांनी गडचिरोलीच्या दोन गावांत 650 बायकांचा अभ्यास केला, तो 1989 साली 'लॅन्सेट'मध्ये आला. स्त्रीरोगाची तक्रार सांगणाऱ्या 55 टक्के, तपासल्यावर आजार निघाला 92 टक्क्यांत. मधल्या बायकांना प्रश्नावलीने निरोगी ठरवलं असतं.

आता वेळ. तू सकाळी अकराची लिहिली आहेस, कारण कॉलेजची गाडी तेव्हा निघते. हगवणीचे दिवस पावसाळ्यातले, आणि तेव्हा बाया निंदणाला गेलेल्या असतात. अकराला दारात सासू भेटेल, नाहीतर जिला मजुरीला जावं लागत नाही अशी सून. ज्यांच्या लेकरांना जास्त धोका, त्याच तुझ्या 384 जणींच्या नमुन्यातून गळतील. (हा आकडा सूत्रातून आणलास ते ठीक, पण चुकीच्या वेळी चारशे घरं फिरून उत्तर बरोबर येत नाही.) संध्याकाळी दिवेलागणीच्या आधी जा. गाडीचं मी बोलतो. आशाताईला घर दाखवून पुढच्या घरी बसायला सांग. पाकीट तिनेच वाटलेलं असतं, त्यामुळे तिच्यासमोर प्रत्येक उत्तर परीक्षेचं होतं.

ओपीडीतल्या रुग्णांचा भाग मी गाळला असता. रांगेतला माणूस औषध मिळेपर्यंत कशालाही मान डोलावतो.

विद्यार्थ्यांचा भाग मात्र ठेव, फक्त गूगल फॉर्म नको. व्हॉट्सॲपवर पाठवलेल्या फॉर्मचं उत्तर शेजारच्या खिडकीत शोधलं जातं. त्यांनाही टेबलाशी बोलाव, तेच पाकीट, तोच गडवा. ओआरएसची 245 ऑस्मोलॅरिटी (पाण्यात विरघळलेल्या मीठ-साखरेचं प्रमाण) घडाघडा सांगणाऱ्याला लिटरभर पाणी अंदाजाने घेता येतं का, हे मला खरंच बघायचं आहे. दोन्ही गटांना एकच काम दिलंस तरच तुलना करायला तोंड राहील. आईला करायला लावायचं आणि विद्यार्थ्याला टिकमार्क करायला, हा न्याय नव्हे.

आईचं करून झालं की तू बरोबर कसं करायचं ते दाखव, पाकीट तिथेच ठेव. मात्र नोंद आधीच्याच कृतीची. संमतीसाठी अंगठा घेतलास तर साक्षीदार घरातला नको. आणि निष्कर्षात 'मातांमधील अज्ञान' लिहायच्या आधी त्या गावात मागच्या महिन्यात पाकिटं पोचली होती का, ते उपकेंद्राच्या रजिस्टरवरून बघ.

बत्तीसचे बारा कर. दहा घरांत करून ये, मग नैतिकता समितीच्या अर्जाला बसू.

तुझे सर