ती ओट्याशीच उरकते

ताई, नमस्कार.

वय त्रेसष्ट. सातपूरच्या एका कारखान्यातून निवृत्त झालो. तरुणपणापासून रहस्यकथांचा नाद. काही दिवाळी अंकांत कथा छापून आल्या, आता पहिली कादंबरी लिहायला घेतली आहे. इंदिरानगरला फ्लॅट आहे, घरात आम्ही दोघंच.

माझी लिहिण्याची आवडती जागा म्हणजे जेवणाचं टेबल. खिडकीला लागून आहे, दुपारी उजेड छान येतो, समोर पांडवलेण्यांचा डोंगर दिसतो. टेबल सागवानी, सहा खुर्च्यांचं. हिला गुडघ्यांमुळे खाली बसता येत नाही म्हणून मुलाने पुण्याला जाण्याआधी घेऊन दिलं. मला तिथेच सुचतं. बेडरूममध्ये बसून पाहिलं, गॅलरीत बसून पाहिलं, जमत नाही. रहस्यकथेत पानं पसरून ठेवावी लागतात. कोण किती वाजता कुठे होतं याचा तक्ता, वाड्याचा नकाशा, संशयितांची कार्डं. रोज उचला आणि रोज मांडा म्हटलं तर तंद्री मोडते. म्हणून दिवाळीपासून टेबल तसंच ठेवलं आहे. जेवणाचा तसा प्रश्न नाही. मी टीव्हीसमोर ताट घेतो, ती ओट्याशीच उरकते. पण मागच्या आठवड्यात टेबल पुसायला म्हणून तिने पानं हलवली आणि सीबीएस बसस्थानक ते त्र्यंबक बसच्या वेळांचं पान हरवलं. सगळा खून त्या पानावर उभा होता! मी बोललो, आवाज चढला. तेव्हापासून ती गप्प आहे.

अगाथा ख्रिस्तीसुद्धा जेवणाच्या टेबलावर लिहायची, हेही मी तिला सांगून पाहिलं. लेखकाला घरात एक हक्काची जागा लागते, हे तिला कसं समजावू?

— एक रहस्यकथाकार, नाशिक

*

भाऊ, नमस्कार.

"ती ओट्याशीच उरकते." तुमच्या पत्रात मी इथे थांबले आणि पुढे जायला मला वेळ लागला. हरवलेलं पान, चढलेला आवाज, हक्काची जागा, हे सगळं त्याच्यानंतर येतं. तुमची बायको दिवाळीपासून दोन्ही वेळा उभ्याने जेवते आहे, आणि ते तुम्ही "जेवणाचा तसा प्रश्न नाही" याला जोडून लिहिलंत. माझ्या लेखी तुमच्या पत्रात तेवढा एकच प्रश्न आहे.

हे टेबल घरात कशासाठी आलं तेही तुम्हीच वर लिहिलं आहे. तिला खाली बसता येत नाही म्हणून मुलाने घेऊन दिलं. ही दोन वाक्यं पत्रात एकमेकांपासून लांब पडली आहेत. ती शेजारीशेजारी ठेवून वाचा. जिचे गुडघे दुखतात म्हणून टेबल आणलं, ती आज ते टेबल असताना उभी राहून जेवते, कारण त्यावर संशयितांची कार्डं मांडलेली आहेत.

तुम्ही रहस्यकथा लिहिता, तेव्हा ही रीत तुम्हाला ठाऊक असणारच. महत्त्वाचा धागा वाचकापासून दडवायचा नाही, त्याच्या समोर ठेवायचा, पण एखाद्या किरकोळ वाक्यात. आणि लगेच पुढच्या ओळीत काहीतरी मोठा गोंधळ उडवून द्यायचा, म्हणजे वाचक तिकडे धावतो. तुमच्या पत्रात ओट्याचं वाक्य संपतं न संपतं तोच पान हरवतं आणि भांडण होतं. तुम्ही हे मुद्दाम केलं असं मला वाटत नाही. मुद्दाम केलं असतं तर निदान ते तुम्हाला दिसलं आहे असं तरी समजले असते. तुम्हाला ते दिसलेलंच नाही, याचं मला जास्त वाईट वाटलं.

ओट्याशी उभ्याने जेवणं म्हणजे काय ते सांगते, कारण टीव्हीसमोर बसलेल्या माणसाला स्वयंपाकघरातलं दिसत नाही. त्या जेवणाला ताट लागत नाही. तुमचं ताट वाढून झालं की कढईच्या तळाशी जी भाजी उरते, तिच्यातच भात कालवायचा. कढई घासायचीच असते. पोळी डब्याच्या झाकणावर. आमटी पळीनेच भातावर ओढायची, वाटी कशाला खरकटी करा. कोशिंबीर तिनेच केलेली असते, पण ती तुमच्या ताटात गेली की संपली. एक हात जेवतो, दुसरा गॅसच्या बटणापाशी, कारण बाजूला दूध तापत असतं. हॉलमधून "जरा भात आण गं" असं आलं की तोंडातला घास तोंडात ठेवून जायचं. शेवटी नळाखाली हात धुवायचा आणि त्याच हाताने ओटा पुसायला घ्यायचा. भूक भागते, नाही असं नाही. पण त्या सगळ्या वेळात समोर कोणी नसतं, आणि डोळ्यांसमोर असतात त्या फरशीच्या टाइल्स.

आणि दुखऱ्या गुडघ्याची बाई ओट्याशी कशी उभी राहते, तेही कधी दाराशी थांबून बघा. वजन एका पायावर, मग दुसऱ्यावर, मग पुन्हा पहिल्यावर. मधेच पोट ओट्याच्या कडेला टेकवते, म्हणजे भार थोडा कमी होतो. दिवसातून दोनदा, दिवाळीपासून.

आता अगाथाबाईंचं. बायकोसमोर पुरावा ठेवलात, तर तो पूर्ण ठेवायला हवा होता. अगाथा ख्रिस्ती १९७६ मध्ये गेल्या आणि पुढच्या वर्षी त्यांचं आत्मचरित्र आलं. त्यात हा विषय आहे. लिहिण्यासाठी म्हणून स्वतःची अशी ठरलेली खोली त्यांना बराच काळ नव्हती. मुलाखतीला येणारे आधी म्हणत, तुम्ही लिहिता ती जागा दाखवा, तिथे फोटो काढू, आणि त्यांची पंचाईत व्हायची, कारण दाखवण्यासारखी जागाच नसे. त्यांना लागायचं काय, तर न डगमगणारं एक टेबल आणि एक टाइपरायटर. झोपायच्या खोलीत तोंड धुण्याचं भांडं ठेवायला संगमरवरी फळीचं टेबल असायचं, ते त्यांना चालायचं. आणि जेवणाचं टेबल, तेही चालायचं, दोन जेवणांच्या मधल्या वेळात.

दोन जेवणांच्या मधल्या वेळात, भाऊ. एवढा तुकडा तुमच्या सांगण्यातून गळला. नाशिककर आहात, सावानाचे, म्हणजे आपल्या सार्वजनिक वाचनालयाचे, सभासद असाल, तर पुस्तक काढून ते पान पुन्हा वाचा. आमच्यासारख्या वाचकांना तुम्ही लोक शिकवता की अर्धवट साक्ष ही खोट्या साक्षीहून धोक्याची, कारण ती खरी वाटते. मग घरात अर्धी साक्ष कशी चालवलीत?

याच बाईंनी ६६ रहस्यकादंबऱ्या लिहिल्या. पहिली कादंबरी १९१६ मध्ये पुरी केली ती घरापासून दूर, इंग्लंडमधल्या डार्टमूरच्या माळावरच्या एका हॉटेलात. सकाळी लिहायचं आणि दुपारी माळावर एकटीने चालताना पात्रांचे संवाद स्वतःशी मोठ्याने म्हणत राहायचं, असा तो क्रम होता. पुढच्या आयुष्यातल्या त्यांच्या ७३ वह्या शिल्लक आहेत, त्यातल्या बऱ्याच शाळेतल्या मुलांच्या वह्यांसारख्या साध्या. त्यात खुनाचे आराखडे आहेत आणि मधेच घरातल्या सामानाच्या याद्याही आहेत. जे घर चाललं होतं, त्या घरातच ते लिखाण चाललं होतं. जेवणाची वेळ झाली की वही मिटायची आणि उचलायची, एवढीच तिची जागा.

तुमचं लिहिणं हा निवृत्त माणसाचा वेळ घालवायचा उद्योग आहे, असं मी म्हणणार नाही. रहस्यकथेला नाक मुरडणाऱ्यांतली मी नाही. बाबूराव अर्नाळकरांनी हजारावर रहस्यकथा लिहिल्या, आणि ज्या घरांत दुसरं पुस्तक येत नव्हतं त्या घरांत त्या पोचल्या. त्रेसष्टाव्या वर्षी पहिली कादंबरी हातात घेणाऱ्या माणसाचं मला कौतुक आहे. वेळांचा तक्ता मांडणारा, नकाशा काढणारा माणूस काम मन लावून करतो, हे पत्रावरून दिसतं. म्हणूनच रागावून लिहिते आहे. जो माणूस कागदावरच्या संशयितांचा मिनिटामिनिटाचा हिशेब ठेवतो, त्याला घरातलं दुसरं माणूस रोज आठ वाजता कुठे असतं हे सांगता येऊ नये?

तिला कसं समजावू, असं विचारता. तिला समजावायचं काही राहिलेलंच नाही. तिने सहाच्या सहा खुर्च्या न बोलता सोडल्या. घरात हक्काची जागा एकाला होती, ती तिला होती, मुलाने आईसाठी आणलेली. तुम्ही ती घेतलीत आणि वर ती पुसताना एक पान हललं म्हणून ओरडलात. एवढ्यावर कुठलीही बाई गप्पच होईल.

खिडकी सोडा, डोंगर सोडा, बेडरूममध्ये जा, असं मी सांगत नाही. जागा तीच ठेवा. मला तुमच्याकडून एकच गोष्ट हवी आहे, आणि ती आज रात्रीपासून हवी आहे. जेवायच्या आधी टेबल रिकामं करायचं, दोन ताटं मांडायची, आणि तिला बसवून तिच्यासमोर बसून जेवायचं. उद्या दुपारी पुन्हा. रात्री पुन्हा. रोज.

कपाटात येवल्याच्या पैठणीचा नाहीतर दुसऱ्या साडीचा चपटा खोका असेलच. तो मागून घ्या. तक्ता, नकाशा, कार्डं, पानं, क्रमाने आकडे घालून त्यात ठेवायची आणि खोका खिडकीत ठेवायचा. दोन मिनिटांचं काम आहे. तंद्री मोडते म्हणता, ती मोडू दे. जेवून आल्यावर ती पानं एकेक करून पुन्हा मांडाल, तेव्हा प्रत्येक वेळेवरून, प्रत्येक कार्डावरून तुमची नजर फिरेल. अमुक माणूस साडेसातला पंचवटीत होता तर त्याच वेळी भद्रकालीत कसा काय दिसला, असल्या चुका पसरून पडलेल्या पानांत महिनोन् महिने तशाच राहतात. हाताने पुन्हा मांडताना त्या सापडतात. दुपारचं जेवण एकला आटोपलं, तरी दोनपासून दिवेलागणीपर्यंत तो सगळा उजेड तुमचाच आहे.

आज काय होईल तेही सांगते, म्हणजे तुम्ही गडबडणार नाही. ती म्हणेल, तुम्ही बसा, मी गरम वाढते. आपल्या बायकांच्या हाडात ते भिनलेलं आहे, तिलाही बसणं अवघड जाईल. म्हणून पोळ्या सगळ्या होऊ द्या, मग डबा तुम्ही उचलून टेबलावर आणा. भाताचं पातेलं, आमटी, भाजीची कढई, पाण्याचा तांब्या, लोणच्याची बरणी, सगळं टेबलावर. पुन्हा आत जायला कारणच ठेवू नका. टीव्ही बंद. ती बसेपर्यंत पहिला घास घेऊ नका, आणि ती मधेच उठली तर तुम्हीही हात थांबवा. तिच्या ताटात कोशिंबीर तुम्ही वाढा. माफीचं भाषण करू नका, माझं पत्र वाचून दाखवू नका, आणि कादंबरीचं काही बोलू नका, तिने आपणहून विचारल्याशिवाय. ती गप्पच राहिली तर गप्प जेवा. चार-आठ दिवस तसं जाऊ द्या, ते तुम्हाला सोसायलाच हवं.

राहिलं ते हरवलेलं पान. त्याबद्दल तिला आता एक शब्द विचारायचा नाही, आणि कपाटाखाली वाकून शोधायलाही लावायचं नाही. त्या गुडघ्यांनी तर नाहीच. उद्या सकाळी सीबीएसवर जा, चौकशीच्या खिडकीशी उभे राहा आणि त्र्यंबकच्या बसच्या वेळा नव्याने उतरवून घ्या. लवकर निघा, म्हणजे जेवायच्या आत घरी याल.