छोट्या व्यवसायाचं एनर्जी ऑडिट स्वतःच करता येतं का?

एनर्जी ऑडिट म्हणजे वीज-इंधन कुठे किती लागतं आणि कुठे वाया जातं याची तपासणी. प्राथमिक ऑडिट नक्की करता येतं. आधी मागच्या १२ महिन्यांची विजेची बिलं काढा आणि नुसती रक्कम नको, युनिट बघा. मग माझी आवडती युक्ती: रात्री कुलूप लावताना मीटरचं रीडिंग लिहून ठेवा, सकाळी उघडताना पुन्हा घ्या. १२ तासांत ६ युनिट गेली असतील, तर कुणी नसताना सरासरी ५०० वॅटचा भार चालूच होता. तो शोधा. वॉटर कूलर, विसरलेला एसी, असंच काहीतरी निघतं. एअर कॉम्प्रेसर असेल तर लाइनमध्ये हवा भरलेली असताना पाइपच्या सांध्यांवर साबणाचं पाणी लावा. बुडबुडे आले की गळती सापडली. (दिवे बदलायचं सगळ्यांनाच सुचतं, ते नंतर.) बॉयलर किंवा मोठ्या मोटरी असतील तर मात्र प्रमाणित ऑडिटरच बोलवा.