नाल्याकाठी रोपं लावण्याआधी जेसीबी कुठून फिरते ते विचारा

भाऊ, ले-आउटची ओपन स्पेस, मागचा नाला आणि पलीकडची बाग झाडांनी जोडायची, मधून म्हाताऱ्या माणसांना सावलीत फिरता यावं, हे तुमचं वाचलं आणि आमच्या वस्तीचंच दुखणं आठवलं. खड्डा, खत, आळं तुम्हाला ठाऊक असणारच. मी फक्त नाल्याबद्दल लिहितो. बागा दोन्हीकडे आहेतच, सगळं अडतं ते मधल्या पट्ट्यात.

आम्हाला एका कार्यालयाने काठावर झाडं लावायची लेखी परवानगी दिली होती. करंज, उंबर, कहू (म्हणजे अर्जुन) लावले, भर उन्हाळ्यात टँकरच्या पाण्यावर जगवले. करंज कमरेच्या वर गेले होते. मग पावसाळ्याआधीच्या नालेसफाईत दुसऱ्याच विभागाची जेसीबी आली आणि उपसलेला गाळ नेमका त्या ओळीवर टाकत गेली. आधाराच्या बांबूंची टोकं तेवढी वर राहिली. कागद दाखवला तर साहेब म्हणाले, "आमच्याकडे हे आलंच नाही." परवानगी देणाऱ्यांनी तर फोन उचलणंच बंद केलं. अजून राग जात नाही. पोरांनी बादल्या वाहून घातलेलं पाणी होतं ते!

म्हणून रोपं आणण्याआधी नालेसफाईच्या अभियंत्याला काठावर घेऊन या. मशीन कुठून फिरते, गाळ कुठे पडतो, ते नकाशावर लिहून घ्या; पत्राच्या पोचवर आवक क्रमांक हवाच. मशीनच्या बाजूला फिरायची वाट ठेवा, झाडं समोरच्या काठावर लावा. वाट मुरमाची करा, पेव्हर ब्लॉक नकोत. सप्टेंबर २०२३ मध्ये नागपूरचा अंबाझरी तलाव ओसंडला तेव्हा नागनदीकाठच्या वस्त्यांचं काय झालं ते आपण पाहिलंय, त्यामुळे पात्र अरुंद होईल असं काहीही करू नका. पूररेषेचा हिशेब मात्र जाणकाराकडूनच घ्या, मी त्यातला नाही.

कोनोकार्पस हे परदेशी शोभेचं झाड कुणी फुकट दिलं तरी घेऊ नका. उंबर फळला की राखी धनेश, हरियाल आपणहून येतात. पाचोळा जाळू देऊ नका, आळ्यात पसरा. मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे गेला की त्याची किंमत कळते.

आणि काठावर जुनी चिंच किंवा पिंपळ असेल तर त्याचं वय आत्ताच नोंदवून घ्या. राज्याच्या वृक्षसंरक्षण कायद्यात २०२१ मध्ये दुरुस्ती झाली, तेव्हापासून ५० वर्षांवरचं झाड हेरिटेज, म्हणजे वारसा वृक्ष धरतात. उद्या कुणी रुंदीकरणाचा नकाशा घेऊन आलं तर ही नोंद हाताशी असू द्या.