वॉर्डातल्या सिस्टरांना पुरावा बघून काम करायची सवय कशी लावायची?
मोठं ट्रेनिंग ठेवण्यापेक्षा वॉर्डातला रोजचा एकच प्रश्न घ्या आणि सिस्टरांनाच त्यावर झालेल्या अभ्यासांतला पुरावा शोधू द्या, ड्यूटीतच वेळ देऊन. उदा. हातातली सलाईनची सुई ठरल्या दिवशी बदलायचीच का? 2012 ला लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात ऑस्ट्रेलियातल्या 3283 पेशंटचा अभ्यास आला, त्यात दर तिसऱ्या दिवशी बदलली काय नि गरज पडल्यावर बदलली काय, शीर सुजायचं प्रमाण दोन्हीकडे 7 टक्केच. पेशंटचं फुकटचं टोचणं वाचतं हे असं स्वतः वाचलं की पटतं, सर्क्युलरने नाही पटत. फक्त दर शिफ्टला पट्टीखालची जागा बघून लाल किंवा दुखरी दिसली की लगेच सुई काढणं जमणार असेल तरच नियम बदला, तेवढा स्टाफ नसेल तर जुनाच राहू द्या.